पोतोसीचा डोंगर आणि खिशातली माणसं

कुंभार्ली

गेली सहा वर्षं चिलीत तांब्याच्या खाणींशी संबंधित नोकरी करतोय. मागच्या मे महिन्यात चार दिवस सुट्टी जोडून मिळाली. मंडळी उयुनीच्या मिठागरात फोटो काढत बसतात, मी तिथून बस पकडून बोलिव्हियातल्या पोतोसीला गेलो. बायको म्हणाली, "सुट्टीतही खाणच बघणार?" बघितली.

पोतोसी चार हजार मीटरच्या वर आहे. हॉटेलचे दोन जिने चढलो तर कळसूबाई चढल्यासारखं झालं. कुठल्याही गल्लीत उभं राहा, गल्लीच्या टोकाला तो डोंगर दिसतोच. सेरो रिको, म्हणजे श्रीमंत डोंगर. विटकरी रंगाचा, टोकदार, गुलालाचा ढीग रचून ठेवावा तसा. आतून इतका पोखरलाय की २०११ मध्ये माथ्याशी भगदाड पडलं.

शाळेत आपण एवढंच शिकलो की स्पॅनिश आले आणि सोनं-चांदी लुटून गेले. पण लूट एकदा होते. पोतोसीचा कारभार १५४५ पासून १८२५ पर्यंत, म्हणजे २८० वर्षं चालला. तो कसा चालला हे कळल्यापासून माझं डोकं त्याच्याभोवतीच फिरतंय, म्हणून हा धागा.

१५४५ मध्ये दिएगो वाल्पा नावाच्या एका स्थानिक माणसाला इथं चांदी सापडली. लामा हाकताना झुडूप धरलं, ते मुळासकट उपटून आलं आणि खाली चांदी चमकली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट सोडा. त्यानंतरची पंचवीसेक वर्षं चांदी गाळायची विद्या स्पॅनिशांच्या हातात नव्हतीच, हे मला नवीन होतं. डोंगरउतारांवर मातीच्या छोट्या भट्ट्या असत, सगळीकडून भोकं पाडलेल्या. भाता नाही. वाऱ्यानंच पेटायच्या, म्हणून नाव 'वायरा', केचुआ भाषेत वारा. जळण म्हणजे रानगवत आणि लामाच्या लेंड्या. रात्री हजारो भट्ट्या पेटल्या की डोंगर दिवाळीसारखा दिसे, असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. खनिज खणणारे, गाळणारे आणि त्यातला वाटा ठेवणारे बहुतेक स्थानिकच.

१५७० च्या सुमारास वरचं कसदार खनिज संपलं. उरलं ते हलक्या प्रतीचं, वायरात टाकून परवडेना. पोतोसी तिथंच संपायचं. तेव्हा पेरूचा व्हाइसरॉय होता फ्रान्सिस्को दे तोलेदो. त्यानं दोन गोष्टी जोडल्या. एक, पारा. पाऱ्यानं चांदी धरून ठेवायची पद्धत बार्तोलोमे दे मेदिना यानं १५५४ मध्ये मेक्सिकोत पाचुकाला बसवली होती, आणि पेरूत हुआंकावेलिकाला पाऱ्याची खाण १५६० च्या दशकात सापडलेलीच होती. दोन, माणसं.

माणसांसाठी त्यानं जी व्यवस्था लावली ती 'मिता'. केचुआत मिता म्हणजे पाळी. इंका राज्यातही होती, आळीपाळीनं सरकारी कामाला जायचं. तोलेदोनं नाव तेच ठेवलं आणि आत भलतंच भरलं. कुस्कोपासून दक्षिणेकडचे १६ प्रांत, त्यातला १८ ते ५० वयाचा दर सातवा पुरुष, वर्षभरासाठी पोतोसीला. एकूण साडेतेरा हजारांच्या आसपास. एक आठवडा काम, दोन आठवडे सुट्टी, म्हणजे एका वेळी साडेचार हजार कामावर. खाणीत आत काम करणाऱ्याला दिवसाला चार रेआल. आठवड्याचे अडीच पेसो (आठ रेआलचा एक पेसो). म्हणजे कागदोपत्री ही गुलामी नव्हे. पगार होता.

आता जवळून बघा. होसे दे आकोस्ता नावाच्या जेझुइट पाद्र्यानं १५९० मध्ये छापलेल्या वर्णनात शिड्या आहेत. कातड्याचे तीन पीळदार दोर, मध्ये लाकडी पायऱ्या, दोन बाजूंना दोन रांगा, म्हणजे एकीकडून चढा, दुसरीकडून उतरा. घोंगडीची झोळी छातीशी गाठ मारून पाठीवर टाकलेली, त्यात वीस-बावीस किलो दगड. तिघे-तिघे मिळून चढायचे, पुढच्याच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली, कारण दोन्ही हात शिडीला. वर आलं की घामानं निथळलेलं अंग आणि तोंडावर चार हजार मीटरवरचा गार वारा. मेणबत्त्या अनेकदा ज्याच्या त्याच्या पदरच्या.

तितिकाका सरोवराकाठच्या चुकुइतो प्रांतातून माणसं निघायची त्याचं वर्णन सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं आहे. २,२०० पुरुषांची पाळी, पण बायकापोरं धरून सात हजारांवर जीव, बरोबर लामांचे कळप, बटाटे, मका, अंथरूण-पांघरूण. दोन महिने चालायचं. पाळी वर्षाची म्हटली तरी घर सुटायचं ते सुटायचंच. कित्येक परतलेच नाहीत. सगळे मेले म्हणून नव्हे. परत गेलं की पुन्हा यादीत नाव, म्हणून वाटेतच दुसऱ्या गावी राहिले. जिथं आपलं गाव नाही तिथं आपलं नाव यादीत नाही. यांना 'फोरास्तेरो' म्हणत, परगावचे.

ज्याच्यासाठी हा धागा काढला ते आता. गावं ओस पडली तरी कोटा तोच. गावच्या मुखियानं, म्हणजे कुराकानं, माणूस दिला नाही तर पैसे द्यायचे, माणशी आठवड्याला साधारण सात पेसो. त्या पैशांत खाणमालकानं खुल्या बाजारातून मजूर लावायचा असा हिशेब. पण खाण पडीक असेल तर? मालक मजूर लावायचाच नाही, पैसे खिशात घालायचा. अशा माणसांना नावच होतं, 'इंदिओस दे फाल्त्रिकेरा'. खिशातले इंडियन, म्हणजे तिथले मूळ रहिवासी. खाणीत दगड नाही, मजूर नाही, पण मालकाचं उत्पन्न चालू. खनिजापेक्षा यादीतलं नाव जास्त कसदार!

---

रानभैरी

वाचतेय. फोटो कुठायत? अंगठ्याला मेणबत्ती डोळ्यांपुढून जात नाही.

रोखठोक

छान लिहिलंय, पण फार सौम्य. त्या डोंगरात ८० लाख माणसं मेली असं सगळीकडे वाचायला मिळतं. त्याचा उल्लेखही नाही? 'पगार होता' म्हणे. इंग्रजांनी रेल्वे बांधली म्हणणाऱ्यांची आठवण झाली.

कुंभार्ली

@रानभैरी, फोटो चढत नाहीयेत, रविवारी बघतो.

@रोखठोक, 'कागदोपत्री' हा शब्द सोडून वाचलंत. ८० लाखांचा आकडा मलाही त्या गावात तीन जणांनी ऐकवला. पण वर्षाला साडेतेरा हजारांची पाळी, तीही पुढच्या शतकभरात घटत गेलेली. हिशेब मांडून बघा, तेवढी माणसं त्या डोंगरात गेलीच नाहीत. अँडीजमधली लोकसंख्या भयंकर घटली हे खरंच, पण त्यात देवी, गोवर यांसारख्या साथींचा वाटा सगळ्यात मोठा. इतिहासकार हा आकडा धरत नाहीत. खाणीत मेलेल्यांच्या जोडीला दगड कुटायच्या गिरणीतल्या धुळीनं आणि पाऱ्यानं हळूहळू मेलेले धरावे लागतात, त्यांची मोजदाद कुणी केलीच नाही.

तळ्यातमळ्यात

रोखठोकरावांना मुद्दा मान्य नसला की इंग्रज येतात. :)

मला शंका वेगळी आहे. मिता इंकांचीच, तर तोलेदोनं नवीन काय केलं? आपल्याकडेही वेठबिगार शिवकाळाच्या आधीपासून होती, नंतरही राहिली.

कुंभार्ली

चांगला प्रश्न. इंकांच्या मितेत राबणाऱ्याला खायला-प्यायला, चिचा (मक्याची दारू) आणि कोका राज्य द्यायचं, मागे घरचं शेत गाव कसायचं. देणंघेणं होतं. गोड नव्हतं, पण दोन्ही बाजूंनी होतं. तोलेदोच्या मितेत माणूस खासगी खाणमालकाला वाटून दिला जायचा. मालकाला खाणीबरोबर ठरावीक डोकी. खाण भाड्यानं देताना डोकीही जायची. आपल्या वेठेत पाटलानं हाक मारली की जावं लागे, दोन दिवस ओझं वाहा, परत या. पाटलाला वेठ्या दुसऱ्याला भाड्यानं देता येत होता का?

तळ्यातमळ्यात

नाही, तसं ऐकलेलं नाही. शब्द मागे.

मूसकरी

मी हुपरीचा. घरात तीन पिढ्या चांदीचं काम. इतिहासातलं कळत नाही, पण पाऱ्याचं वाचून राहवेना. आमच्याकडे झारेकरी येतात. कारखान्यातला झाडलेला कचरा, मुशीची राख विकत घेतात, पाण्यात धुतात, पारा घालून घोळतात. पारा चांदीचा कण न् कण धरतो. मग फडक्यातून पिळायचं आणि तापवायचं, पारा उडून जातो, चांदी राहते. आजोबा सांगायचे, तापवताना वाऱ्याच्या बाजूला उभं राहायचं, धुराच्या नाही. पोतोसीत हेच करत होते ना?

कुंभार्ली

मूसकरी, दंडवत! अगदी हेच, फक्त डोंगराएवढ्या मापात.

पोतोसीच्या वर धरणं बांधून तलाव केले होते. तिथून गावाच्या मधून कालवा आणला आणि त्यावर पाण्याच्या चाकांनी चालणाऱ्या गिरण्या. दगड कुटून पीठ करायचं, मीठ आणि पारा घालून चिखल करायचा. मेक्सिकोत हे उघड्या अंगणात होतं, पोतोसीत थंडी इतकी की सुरुवातीला हौदाखाली जाळ लावत. तो चिखल अनवाणी पायांनी तुडवायचा. रोज, आठवडेच्या आठवडे. तुडवणाऱ्यांना 'रेपासिरी' म्हणत. मग धुऊन, कापडातून पिळून, साच्यात घालून सुळका करायचा आणि तापवायचा. त्या सच्छिद्र सुळक्याचं नाव 'पिन्या', म्हणजे अननस.

यातली सरकारची चलाखी ऐका. चांदीवर राजाचा पाचवा हिस्सा. लोक चांदी चोरून विकणारच. पण पाऱ्याची मक्तेदारी सरकारची, बाहेरून विकत घेता येत नाही. एवढ्या पाऱ्यातून एवढी चांदी निघते हे प्रमाण माहीत. तू अमुक पारा नेलास, मग चांदी एवढीच कशी? १६२६ च्या मार्चात त्यातलं एक धरण फुटलं आणि बहुतेक गिरण्या वाहून गेल्या. पुन्हा बांधल्या.

धुराचं आजोबा बरोबर सांगत होते. हुआंकावेलिकात आजही जुन्या मातीच्या घरांच्या भिंतींत पारा सापडतो, कारण विटा त्याच मातीच्या.

गोंयकार

ह्या चांदीचो एक फाटो आमच्या गोंयांतल्यान गेला. मराठीत लिहितो, नाहीतर ओरडा खाईन. लिस्बनहून येणारी जहाजं मिरी घ्यायला जाताना पोटात रेआल भरून यायची. युरोपकडे विकण्यासारखं आपल्याला हवं असलेलं दुसरं होतं काय? इंग्रज आणि डच हेच सुरतेला आणत. सुरतेच्या टांकसाळीत आठ रेआलचं नाणं, सत्तावीस ग्रॅमचं, वितळवून साडेअकरा ग्रॅमचा रुपया पाडायचे.

रोखठोक

म्हणजे महाराजांनी सुरत मारली तेव्हा त्यात पोतोसीची चांदी आली असणार!

मूसकरी

रोखठोकदादा, एकदा आटणी झाली की चांदीला गाव राहत नाही. टंच काढून किती टक्के आहे ते सांगेन, कुठल्या डोंगराची ते ब्रह्मदेव आला तरी सांगणार नाही.

कुंभार्ली

सहमत. मेक्सिकोचीही त्यात होती, अठराव्या शतकात तर मेक्सिकोचीच जास्त. आणि फार मोठा भाग चीनकडे गेला, त्यातला काही पॅसिफिक ओलांडून आकापुल्को-मनिला जहाजांतून. पोतोसीहून समुद्रापर्यंत आरिकाला न्यायला लामांचे तांडे. लामा पंचवीस-तीस किलोच्या वर ओझं घेत नाही, जास्त लादलं की बसकण मारतो आणि थुंकतो. मिता त्याला लागू नव्हती.

सुगरण_बंडू

अवांतर: आपला पेरू हा पेरू देशावरून आलाय ना? मग धाग्याशी संबंध लागला, मला बोलायचा हक्क मिळाला.

गोंयकार

ना रे बाबा. पोर्तुगीज 'पेरा' म्हणजे नासपती. फळ तसं दिसलं म्हणून कोंकणीत पेर, मराठीत पेरू. पोर्तुगीजमध्ये 'पेरू' म्हटलंस तर टर्की पक्षी ताटात येईल. फळ मात्र अमेरिकेतलंच. काजू, अननस, पपई, मिरची, बटाटा, सगळं तिकडचंच. एकादशीचं निम्मं ताट तिकडून आलंय.

रानभैरी

एकादशीवरून आठवलं, एवढ्या उंचीवर दीड लाख माणसं खात काय होती?

कुंभार्ली

१६११ च्या मोजणीत एक लाख साठ हजार म्हणतात. त्या उंचीवर धड काही पिकत नाही. सगळं बाहेरून. दारू आणि मका खालच्या दऱ्यांतून, कोका कुस्कोकडून, खेचरं तुकुमानकडून. आणि चुन्यो. बारके बटाटे रात्री उघड्यावर पसरायचे, गोठतात. दिवसा ऊन पडलं की पायांनी तुडवून पाणी काढायचं. पुन्हा रात्री गोठू द्यायचे. पाचेक दिवसांत काळेकुट्ट, वाळके, हलके खडे. वर्षानुवर्षं टिकतात. नुसता चुन्यो पोतोसीत विकून स्पॅनिश लोक श्रीमंत होऊन गेले. मी खाल्ला. भिजवलेल्या पुठ्ठ्याची चव, पण सूपात बरा लागतो.

रानभैरी

म्हणजे उन्हाऐवजी थंडीचं वाळवण! आई गच्चीवर बटाट्याचा कीस घालते तेव्हा कावळ्यांना हाकलायला मी.

तळ्यातमळ्यात

बायका कुठे आहेत या सगळ्यात? चुकुइतोहून पोरांसकट आल्या म्हणालात, मग पुढे?

कुंभार्ली

खनिजाचा बाजार बऱ्यापैकी त्यांच्या हातात होता. मजूर शनिवारी वर येताना पदरात खनिजाचे खडे घेऊन येत, ते या बायका जमिनीवर मांडून विकत. त्यांना 'कातेरा' म्हणत, केचुआ 'कातू' म्हणजे बाजार, त्यावरून. चिचाची दुकानं, कोकाची विक्री, सावकारीसुद्धा. मालकांनी चोरी-चोरी म्हणून ओरड केली, पण बाजार बंद पडला नाही. अठराव्या शतकात तर 'काख्चा' नावाची मंडळी होती. शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंत खाण रिकामी, तेवढ्या वेळात शिरायचं आणि हवं ते खणायचं. मालक हात लावायला धजत नसत, कारण सोमवारी कामाला येणारे पुष्कळदा तेच.

मूसकरी

हे आवडलं. आता माझ्या धंद्याचा प्रश्न. एवढी नाणी पाडली तर खोट कुणी केली नाही? शक्यच नाही.

कुंभार्ली

वाटच बघत होतो कोण विचारतंय. १६४० च्या दशकात पोतोसीची नाणी जगभर हलकी निघू लागली. जेनोवाचे सावकार घेईनात. राजानं नेस्तारेस मारीन नावाचा चौकशी अधिकारी धाडला. चांदीत तांबं घातलेलं, आणि ज्यानं कस तपासून नाण्यावर आपलं अक्षर उमटवायचं तो परीक्षकच सामील. मुख्य व्यापारी फ्रान्सिस्को गोमेस दे ला रोचा, तो तर गावातला बडा असामी. १६५० मध्ये त्याला आणि परीक्षक रामिरेसला मृत्युदंड दिला. त्या खोट्या नाण्यांना लोक 'रोचुना' म्हणू लागले. १६५२ पासून नाण्याचं रूपच बदललं, दोन खांब आणि खाली लाटा. पण स्पेनच्या राजाची पत गेली ती गेलीच.

मूसकरी

टंच काढणाराच फितूर झाला की बाजार उठतो. आमच्याकडे त्याला मारत नाहीत, फक्त कुणी त्याच्याकडे जात नाही. जवळजवळ तेच.

तळ्यातमळ्यात

शेवटी मिता बंद कधी झाली?

कुंभार्ली

१८१२ मध्ये स्पेनच्या कादिसच्या संसदेनं रद्द केली, तेव्हा तिकडे युद्ध चालू होतं. १८२५ मध्ये बोलिव्हिया स्वतंत्र झाला, ऑक्टोबरात बोलिव्हार स्वतः डोंगराच्या माथ्यावर चढून झेंडे लावून आला. चांदी तेव्हा ओसरली होती. पुढे कथिल निघालं, १९५२ च्या क्रांतीनंतर मोठ्या खाणी सरकारी झाल्या, १९८५ मध्ये कथिलाचा भाव कोसळला आणि सगळं बसलं. आता सहकारी संस्था खणतात, उरलंसुरलं जस्त, शिसं, थोडी चांदी. युनेस्कोनं २०१४ मध्ये पोतोसीला धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत टाकलंय.

मी आत गेलो होतो. आधी खाणकामगारांच्या बाजारात थांबवतात, भेट म्हणून कोकाची पानं आणि शुद्ध अल्कोहोलची बाटली घ्यायची. डायनामाइटची कांडीही तिथं किराणासारखी मिळते. आत बोगद्यात 'एल तिओ' बसलेला, मातीची मूर्ती, शिंगं, तोंडात सिगारेट. तिओ म्हणजे काका. डोंगराबाहेर देव चर्चमधला, आत यांचा काका. वाटाड्या पूर्वी खाणीत होता. त्यानं पहिला घोट काकांपुढं जमिनीवर ओतला, दुसरा स्वतः घेतला, तिसरा मला दिला. घसा आठवडाभर लक्षात होता.

मूसकरी

चांदी काही आणली की नाही तिकडून?

कुंभार्ली

आणली ना. भाचीच्या उष्टावणासाठी छोटा चमचा, टांकसाळीजवळच्या दुकानातून. दांड्यावर लामा कोरलाय. ताईनं त्यानंच खीर भरवली.

मूसकरी

दांड्यामागे छाप काय आहे?

कुंभार्ली

थांबा, ताईला विचारतो.

'अल्पाका' असं लिहिलंय म्हणे. लामाचाच भाऊबंद. कंपनीचं नाव असेल.

मूसकरी

साहेब, तिकडे अल्पाका म्हणजे जर्मन सिल्व्हर. तांबं, निकेल, जस्त. चांदी शून्य. आमच्याकडे एका गिऱ्हाइकानं असलाच चमचा मोडीत घालायला आणला होता, म्हणून ठाऊक.

रानभैरी

=)) =)) पोतोसीहून जर्मन सिल्व्हर!

कुंभार्ली

सहा वर्षं स्पॅनिश बोलतोय मी. ताईला कुणी सांगू नका.